कर्ज फेडायचं आहे, पण महिना पुरत नाही: गोव्यातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

डिचोली, साखळी, वाळपई, फोंडा, पेडणे या भागांतल्या घरांसोबत कर्जाचा हिशेब मांडायला बसलं की तेच तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या उत्तरांमागचं माझं म्हणणं एकच आहे. आपल्याकडचा घरखर्च वर्षाच्या चक्रावर चालतो: चवथ, जूनमधली शाळा, पावसाळ्याआधीची तयारी, जत्रा. हिशेब मात्र आपण महिन्याचा मांडतो, आणि मग जो खर्च येणार हे वर्षभर ठाऊक असतं त्याच्यासाठीही कर्ज काढावं लागतं.

सुरुवात कुठून करायची? किती देणं आहे हेच नीट सांगता येत नाही.

एक वही घ्या आणि एका पानावर सगळं देणं उतरवा. बँक आणि पतसंस्था लोक लिहितात. वाण्याची उधारी, भावाकडून घेतलेले पैसे, मोबाईलचा हप्ता, आधीच उचललेली भिशी आणि कार्डावरची शिल्लक वगळतात. तेही लिहा. प्रत्येक नोंदीपुढे आजची शिल्लक, व्याजाचा दर, हप्ता, हप्त्याची तारीख, तारण काय आणि जामीन कोण, हे सगळं आलं पाहिजे. शिल्लक अंदाजाने लिहू नका. पासबुक भरून आणा किंवा संस्थेकडून खातेउतारा मागा.

व्याजाच्या रकान्यात सर्वांत जास्त गफलत होते. ‘महिना २ टक्के’ म्हणजे वर्षाला २४ टक्के. दुचाकी घेताना दुकानात सांगितला जाणारा दर बहुधा ‘फ्लॅट’ असतो, म्हणजे फिटत गेलेल्या मुदलावरही शेवटपर्यंत व्याज लागतं. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज ३० हजार आणि हप्ता ३,६११ रुपये. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळपास १८ टक्के भरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. शुल्क धरून पडणारा खरा वार्षिक दर त्यात छापलेला असतो. कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करा.

हे पान नवरा-बायको दोघांनी मिळून भरा. एकाने लपवलेलं कर्ज दुसऱ्याला वसुलीच्या फोनवरून कळतं तेव्हा पैशांपेक्षा मोठं नुकसान होतं, आणि घरचा हिशेब नंतर वर्षभर सरळ होत नाही.

खर्च लिहायला घेतो, पण चार दिवसांत सुटतं.

मग सगळा लिहू नका. वीज, फोन, गॅस, हप्ते यांची नोंद बँकेत आपोआप असते. निसटतो तो रोजचा खर्च: मासळी, भाजी, पाव, चहा-भजी, पेट्रोल. त्यासाठी आठवड्याची रक्कम ठरवा, रविवारी रोख काढा आणि एका पाकिटात ठेवा. पाकीट शुक्रवारी रिकामं झालं तर शनिवारी घरात डाळ-भात, लोणचं. फोनवर कोड स्कॅन करून पैसे देताना हात सैल सुटतो, हे घरोघरी दिसतं. या पाकिटातला खर्च तरी रोखीनेच करा.

भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचा गाडा जवळ असेल तर आधी तिथे जा. सरकारी अनुदानामुळे तिथला दर बाजारापेक्षा कमी असतो. मासळीचं गणित वेगळं आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि त्या काळात ताज्या मासळीचे दर चढतात. आपल्या आज्या मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरायच्या. खारी मासळी, सुकी सुंगटं, सोलं, मिरची, मीठ, तांदूळ उन्हं असतानाच घरात यायचे. ते घरखर्चाचं शहाणपणच होतं. आजही पुरुमेंत भरणाऱ्या घराला जून-जुलैत आठवड्याचं पाकीट पुरतं.

महिन्याला दोन-तीन हजार उरतात. तरी चवथ आली की पुन्हा कर्ज काढावं लागतं. असं का?

कारण ते दोन-तीन हजार खरे उरलेले नसतात. ते चवथीचे असतात, शाळेचे असतात, गाडीच्या विम्याचे असतात. त्या खर्चाची तारीख यायची असते, एवढंच.

एक उदाहरण मांडतो. आकडे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही घाला. चतुर्थी: मूर्ती, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान, रंगकाम, कपडे, गोडधोड, भटजींची दक्षिणा, पाहुण्यांचं जेवणखाण धरून २४,०००. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, दप्तर मिळून १५,०००. पावसाळ्याआधी कौलं फिरवणं, लहानसहान डागडुजी आणि पुरुमेंत १२,०००. दोन गाड्यांचा विमा आणि देखभाल ९,०००. बेरीज ६०,०००. बाराने भागलं तर महिन्याला ५,०००.

आता बघा, ज्या घरात ‘तीन हजार उरतात’ ते घर खरं तर दर महिन्याला दोन हजारांनी तुटीत आहे. ही तूट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदम समोर येते आणि पतसंस्थेच्या काउंटरवर उभं करते. घेतलेलं कर्ज वर्षभर फेडायचं, फिटता फिटता पुढची चवथ. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांच्या कर्जामागे एवढंच कारण असतं. उधळेपणा त्यात कुठेच नसतो.

उपाय असा. ही मासिक रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. बँकेचं बारा महिन्यांचं आवर्ती ठेव खातं चालेल, मुदत चवथीच्या महिनाभर आधी संपेल असं बघा. शाळा आणि विम्याचे पैसे साध्या बचत खात्यात ठेवा, कारण ते वेगवेगळ्या वेळी लागतात. या खात्याचं कार्ड खिशात बाळगू नका.

पहिलं वर्ष जड जाईल. जुनं कर्जही फेडायचं आणि पुढच्या वर्षाचंही साठवायचं, असं दोन्हीकडून ओढलं जाईल. तरीही साठवण थांबवून सगळं कर्जात भरू नका. तसं केलं तर सप्टेंबरमध्ये हात पुन्हा रिकामा आणि कर्ज पुन्हा उभं.

चवथीचा खर्च कमी कसा करणार? लोक काय म्हणतील?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी कधीच हलक्यात घेत नाही. गणपती घरी येतो तेव्हा मुंबई-पुण्याहून, परदेशातून माणसं मूळ घरी जमतात. त्या दिवसांत हात आखडता घेणं जिवावर येतं. पण काय खर्च देवासाठी आणि काय दिखाव्यासाठी, हे घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवता येतं. माटोळीला लागणारी फळं आणि रानातल्या वस्तू अजूनही बऱ्याच गावांत स्वतः गोळा करता येतात. सजावटीचं सामान दरवर्षी नवं लागत नाही. दारूकामावर जाणारे पैसे सर्वांत आधी कापता येतात. मूळ घरात चार भाऊ येत असतील तर खर्चाची वाटणी जुलैतच बोलून घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की सगळा भार गावात राहणाऱ्या भावावर पडतो, आणि तोच बहुधा सर्वांत कमी कमावणारा असतो.

मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीचं ओझं, म्हणजे टोपल्या भरून द्यायचा आहेर, सासरी पाठवायचं असेल तर आधी विहीणबाईंशी मोकळेपणाने बोला. बऱ्याचदा त्यांनाही एवढ्या टोपल्या नको असतात. पण आधी बोलायचं कुणी, यात दोन्ही घरं खर्चात पडतात.

माझी टॅक्सी आहे. सीझनला पैसा असतो, पावसात काहीच नाही. माझं बजेट होणार कसं?

तुम्ही स्वतःला पगार द्या. समजा, ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सगळा खर्च जाऊन दरमहा ४५,००० सुटतात आणि जून ते सप्टेंबर जेमतेम १२,०००. वर्षाचे झाले ४,०८,०००, म्हणजे महिन्याला ३४,०००. घर ३४,००० वर चालवायचं आणि कर्जाचे हप्तेही त्यातूनच द्यायचे. सीझनमध्ये दर महिन्याला ११,००० बाजूला काढले तर आठ महिन्यांत ८८,००० जमतात. पावसाळ्यात महिन्याला २२,००० कमी पडतात, चार महिन्यांचे बरोबर ८८,०००.

शॅकवर काम करणाऱ्यांना, गेस्ट हाउस चालवणाऱ्यांना, जलक्रीडा करणाऱ्यांना हेच लागू आहे. डिसेंबरच्या कमाईकडे बघून हप्ता ठरवू नका. गाडीचं कर्ज घेतानाच बँकेला विचारा की पावसाळ्यात हप्ता कमी आणि सीझनमध्ये जास्त असं वेळापत्रक मिळेल का. काही ठिकाणी मिळतं, पण न मागता कुणी देत नाही.

एकाच कमाईवर टेकलेलं मोठं कर्ज काय करतं, हे खाणपट्ट्याने भोगलं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडलं. अंगणात ट्रक उभे आणि हप्ते चालू, अशी घरं सत्तरी, डिचोली, सांगे, केपे इथे गावोगाव होती. त्या माणसांनी कष्ट कमी केले नव्हते. म्हणून सांगतो, हप्ता ठरवताना ‘हे काम सहा महिने बंद पडलं तर?’ हा प्रश्न स्वतःला विचाराच.

चार कर्जं आहेत. आधी कोणतं फेडू?

सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरत राहायचं. वर जे काही जास्तीचं जमेल ते सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जात घालायचं. ते संपलं की त्याचा सगळा हप्ता पुढच्या कर्जाला जोडायचा. बहुतेक घरांत क्रम असा लागतो: सावकार किंवा मोबाईल ॲप, क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, पतसंस्था, सोनं, गाडी, घर.

काही जण म्हणतात, सर्वांत लहान कर्ज आधी संपवा, मनाला उभारी येते. ज्यांचा धीर सुटत चालला आहे त्यांना एखादं लहान देणं आधी मिटवायला मीही सांगतो. पण व्याजात मोठा फरक असेल तर उभारीची किंमत फार पडते. आणखी एक अपवाद मी आग्रहाने करतो. ज्या कर्जाला शेजाऱ्याने किंवा सहकाऱ्याने जामीन दिला आहे ते थकू देऊ नका, व्याज कमी असलं तरी.

कार्डाचं ‘मिनिमम’ मी वेळेवर भरते. तरी रक्कम कमी का होत नाही?

तुमच्या कार्डावर ६०,००० शिल्लक आहे आणि व्याज महिना ३.५ टक्के, असं धरू. महिन्याचं व्याज २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. म्हणजे २,४७८ रुपये नुसते व्याज-करात गेले. मिनिमम ५ टक्के असेल तर तुम्ही ३,००० भरले, आणि मुदलातून कमी झाले ५२२. शिवाय मागची शिल्लक पूर्ण भरलेली नसल्यामुळे नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

तेच ६०,००० बँकेकडून १५ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेऊन कार्ड मोकळं केलं तर हप्ता साधारण २,९१० रुपये बसतो. आज भरताय त्याहून कमी, आणि चोवीस महिन्यांत कर्ज संपतं. एकूण व्याज सुमारे ९,८००. प्रक्रिया शुल्क किती लागेल ते विचारून घ्या.

म्हणजे सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं कर्ज घ्यावं का?

दोन अटी पाळणार असाल तरच. एक, नवं व्याज जुन्यापेक्षा स्पष्ट कमी असलं पाहिजे आणि मुदत उगाच लांबवलेली नसावी. दोन, मोकळं झालेलं कार्ड बंद करायचं. ही दुसरी अट न पाळलेली घरं वर्षभरात दोन कर्जांत दिसतात. घर तारण ठेवून कार्डाचं कर्ज फेडा, असा सल्ला कुणी दिला तर मी नको म्हणेन. कार्डाचं देणं थकलं तर पत खराब होते, घराचं थकलं तर छप्पर जातं.

सोनं गहाण ठेवावं की विकावं?

बायकांना याचं उत्तर देताना जपून बोलावं लागतं, कारण ते सोनं बहुधा आईकडून आलेलं असतं आणि निर्णय नवऱ्याच्या कर्जासाठी मागितला जातो. पहिली गोष्ट: सोनं तुमचं आहे, नाही म्हणायचा अधिकार तुमचा.

गहाण ठेवणं तेव्हाच बरं, जेव्हा ते कोणत्या पैशातून आणि कोणत्या महिन्यात सुटणार हे वहीत लिहिता येतं. दरवर्षी फक्त व्याज भरून नूतनीकरण चाललं असेल तर थांबा आणि मोजा. १ लाखाच्या कर्जाला १२ टक्क्यांनी पाच वर्षं नुसतं व्याज भरलं तर ६०,००० जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. अशा वेळी रोज न वापरला जाणारा, आठवण नसलेला एखादा दागिना विकून बाकीचे सोडवणं शहाणपणाचं. विकताना दोन-तीन सोनारांकडे दर विचारा. घडणावळ परत मिळत नाही आणि शुद्धतेप्रमाणे कपात होते, हे धरून चला.

पूर्ण फेड झाल्यावर बँकेने किंवा वित्त कंपनीने सात कामाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या नियमांत घातलं आहे. ठेवताना वजन, कॅरेट आणि नगांची यादी असलेली पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

भिशी लावू का?

ओळखीच्या बायकांची, ठरलेल्या क्रमाची, लहान रकमेची भिशी बचतीला मदत करते. शेवटचा नंबर घ्या, म्हणजे ती तुमची बचत ठरते; पहिला घेतलात तर ते कर्ज आहे, वहीत कर्ज म्हणूनच लिहा. बोलीची, अनोळखी माणसांची, मोठ्या परताव्याचं आमिष दाखवणारी भिशी नको.

ठेव आहे आणि कर्जही आहे. ठेव मोडू का?

बहुधा हो. ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि कर्जावर १४ टक्के जातात, तर दर लाखामागे वर्षाला ७,००० रुपये तुम्ही घालवत आहात. पण सगळी मोडू नका. किमान एका महिन्याचा घरखर्च हाताशी राहू दे, कमाई हंगामी असेल तर तीन महिन्यांचा. नाहीतर पहिल्याच आजारपणात पुन्हा कार्ड बाहेर येतं. मुदतीचा विमा बंद करून हप्ता भरू नका. कर्जदाराच्या घराला त्याची जास्त गरज असते.

आजारपणामुळे कर्ज झालं. पुन्हा होऊ नये म्हणून काय?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढा आणि वेळेवर नूतनीकरण करा. तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. तातडी नसलेल्या उपचारासाठी खासगी इस्पितळात पैसे भरण्याआधी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) एकदा विचारून या. कितीतरी कुटुंबं घाबरून आधी दागिने गहाण ठेवतात आणि कार्डाची आठवण नंतर येते.

गृहिणींसाठीच्या सरकारी गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये किंवा घरातल्या ज्येष्ठांना मिळणारे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे हप्त्याच्या हिशेबात धरू नका. कधी एकदम दोन-तीन महिन्यांचे येतात, आणि हप्ता तर थांबत नाही. गृह आधार थेट चवथीच्या खात्यात गेला तर वर्षाचे १८,००० होतात. वरच्या उदाहरणातला चवथीचा पाऊण खर्च त्यात निघाला. ज्येष्ठांचे पैसे त्यांच्या औषधपाण्याचे आहेत, त्यांना हात लावू नका.

मित्राला जामीन राहिलो. त्याने हप्ते थांबवले, आता नोटीस मला आली आहे.

कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ तेच सांगतं. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ असं म्हणून सुटता येत नाही. नोटीस बाजूला ठेवू नका. मित्राला घेऊन संस्थेत जा, थकलेली रक्कम आणि नवं वेळापत्रक लेखी घ्या. तुम्ही भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती तुमच्या नावावर घ्या, कारण ती रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. आणि पुढच्या वेळी जामीनपत्रावर सही करताना ती रक्कम आपल्या वहीत कर्जाच्या पानावर लिहून बघा. लिहिताना हात थरथरला तर सही करू नका.

नवऱ्याच्या कर्जासाठी माझी सही का मागतात?

गोव्यात विवाहपूर्व करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याची ही देणगी आहे. त्यामुळे जमीन किंवा घर विकायचं अथवा गहाण टाकायचं तर दोघांची संमती लागते. तुमची सही म्हणजे केवळ उपचार नाही, ती तुमच्या अर्ध्या वाट्याची संमती आहे. कागद वाचायला घरी मागा. न वाचता सही करायची घाई कुणी करत असेल तर वकिलाला किंवा तालुक्याच्या मोफत कायदा सेवा केंद्रात दाखवून या. व्यवसायाचं कर्ज बुडालं तर घराचं काय होईल, हा प्रश्न सहीच्या आधी विचारायचा असतो.

पुढच्या महिन्याचा हप्ता भरता येणार नाही हे नक्की आहे. काय करू?

तारखेच्या आधी जा. हप्ता चुकण्यापूर्वी आलेल्या माणसाशी शाखेतला अधिकारी वेगळ्या तऱ्हेने बोलतो. कारणाचा कागद न्या (नोकरी सुटल्याचं पत्र, इस्पितळाचं बिल), किती आणि कधीपासून भरू शकता ते लिहून न्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. खात्यात पैसे नसताना स्वयंचलित हप्ता परत गेला तर बँकेचा दंड आणि कर्ज देणाऱ्याचा दंड असे दोन्ही लागतात. मात्र बँका आणि वित्त कंपन्यांना दंडाची रक्कम मुदलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२४ पासून लागू आहे. उताऱ्यात तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

एका संस्थेचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज मात्र घेऊ नका.

वसुलीवाले घरी येतात, शेजाऱ्यांसमोर बोलतात.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत किंवा शेजारात बदनामी हेही नाही. येणाऱ्याचं ओळखपत्र आणि नेमणूकपत्र मागा, तारीख-वेळ लिहून ठेवा, पैसे रोख हातात देऊ नका. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था असेल तर दाद सहकार निबंधकांकडे मागायची. मारहाण किंवा धमकी झाली तर सरळ पोलीस स्थानक.

तुम्ही पैसे देणं लागता, म्हणून तुमचा मान गहाण पडलेला नाही. हे विशेषतः घरातल्या मोठ्यांना सांगा. आईवडील अशा फोनने खचून जातात. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं. कर्जाला वाट निघते, ती शोधायला माणूस हवा.

मोबाईल ॲपवरून पाच हजार घेतले, आता ते फोटो पसरवण्याची धमकी देतात.

पैसे पाठवत राहू नका. धमकीचे संदेश जपून ठेवा, १९३० वर तक्रार करा, ॲपला दिलेली परवानगी काढा आणि ओळखीच्यांना स्वतःच कळवा की असे संदेश आले तर दुर्लक्ष करा. नियमात राहून कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो घेता येत नाहीत. जे ॲप ते मागतं, त्याच्याकडून कर्ज घ्यायचं नाही.

घरात एकाला मटक्याची सवय आहे. हिशेब जुळतच नाही.

तो जुळणार नाही. आधी त्या माणसाच्या हाती रोख येणं थांबवा: पगार जोडखात्यात, कार्ड बायकोकडे किंवा आईकडे. त्याचं देणं घरच्यांनी गुपचूप मिटवत राहिलं की सवयीला खतपाणी मिळतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत यावर उपचार मिळतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गृहकर्ज लवकर फेडू का?

महागडी कर्जं संपल्यावर, जरूर. १५ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के असं कर्ज असेल तर हप्ता सुमारे १३,००० आणि एकूण व्याज १६ लाखांच्या वर. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी फेडीचं शुल्क लागत नाही. जादा भरताना शाखेत लिहून द्या की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. दर वाढला तेव्हा बँकेने तुमची मुदत लांबवली आहे का, हेही उताऱ्यात पाहा. लांबवली असेल तर हप्ता वाढवून घेण्याचा पर्याय मागता येतो.

‘सेटलमेंट’ करून मोकळं व्हावं का?

दुसरा मार्ग उरला नसेल तरच. कमी रकमेत मिटतं, पण पत अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बरीच वर्षं राहतो आणि नवं कर्ज अवघड होतं. केलंत तर रक्कम, तारीख आणि ‘यापुढे काही देणं नाही’ हे वाक्य असलेलं पत्र पैसे भरण्याआधी घ्या. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नका.

कर्ज संपलं. आता कोणते कागद घ्यायचे?

बेबाकी दाखला सर्वांत आधी. घराची मूळ कागदपत्रं बँकेने फेड झाल्यापासून ३० दिवसांत परत करायची असतात. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. निबंधक कार्यालयात गहाणखताची नोंद असेल तर तीही उठवून घ्या. गाडीचं कर्ज असेल तर वित्त कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन वाहतूक खात्यात नोंदणीपुस्तकावरची नोंद काढा, विम्याच्या कागदावरूनही नाव काढून घ्या. आगाऊ दिलेले कोरे धनादेश मोजून परत घ्या आणि हप्त्याची स्वयंचलित सूचना बँकेतून रद्द करा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर जामीनदारांची जबाबदारी संपल्याचं पत्र त्यांच्या हाती द्या, आणि कर्जाच्या वेळी कापलेलं भागभांडवल परत मिळतं का ते विचारा. महिना-दोन महिन्यांनी पत अहवाल काढून बघा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तिथे कर्ज अजून चालू दिसत असेल तर दुरुस्तीची तक्रार करा. ३० दिवसांत ती निकालात निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.